डावा गाल, उजवा गाल

आधी ती डाव्या कानामागे केस सारायची. मग मान जरा उजवीकडे वळवून डावा गाल पेशंटच्या पुढे धरायची आणि म्हणायची, "हा झालेला." पेशंटने डोळे बारीक करून, कधी बोट लावूनसुद्धा, बघून घेतलं की मान उलट वळायची आणि उजवा गाल पुढे यायचा. "आणि हा व्हायचा."

हे चाललेलं असताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. कापडाच्या दुकानातला नोकर साडीचा पदर उलगडून दाखवतो आणि गिऱ्हाईक काही बोलायच्या आत घडी घालायला लागतो, तसं ते चालायचं. बघणारी बाई "अगो बाई, खरंच की" म्हणत असायची आणि ही समोरच्या कॅलेंडरकडे बघत उभी. सगळं दाखवून झालं की मात्र एकदम हसायची आणि म्हणायची, "एक लेन झालीय, दुसरीचं काम चालू हाय." हायवेच्या कामात आमची इतकी वर्षं गेली आहेत की हा विनोद इथे कुणाला फोडून सांगावा लागत नाही. पोलादपूरकडून एसटीने आलेला माणूस तर जास्तच हसायचा, कारण त्याची कंबर त्या दुसऱ्या लेनवरूनच आलेली असायची.

महाडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. आहे म्हणजे बोर्ड आहे. आत पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि गेलेल्या माणसांच्या फ्रेमा. बाकीचे फोटो हल्ली लोक आपले आपणच काढतात आणि आपणच सुंदर करून घेतात. माझ्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर, त्वचेचा दवाखाना होता. आमच्या गावात पूर येतो, म्हणून महागाची वस्तू वर ठेवतात आणि माझ्यासारखे खाली बसतात. पनवेलचे एक डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. बाकीचे दिवस दवाखाना तिच्या ताब्यात. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या रस्त्याला लागून आत असलेल्या एका वाडीतून ती यायची. कुलूप उघडायची, झाडू मारायची, फोन घ्यायची, नंबर लावायची.

तिचं नाव सांगत नाही. तिला ते आवडणार नाही, आणि बाजारपेठेत तिला नावाने ओळखत होतं कोण? सगळे नमुनाताई म्हणायचे. डॉक्टर पेशंटला सांगायचे, "बाहेर आमचा नमुना आहे, आधी बघून घ्या आणि मग ठरवा." त्यांच्या मनात वावगं काही नव्हतं. पण 'काय नमुना आहे' हे आपल्याकडे कुणाला म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. चौकातल्या रिक्षावाल्यांनी तेवढाच अर्थ उचलला आणि नाव पक्कं झालं. ती त्यांना म्हणायची, "नमुना फुकट बघायला मिळतोय तर बघा. माल घ्यायची ऐपत लागते."

ती नमुना झाली कशी, हे सांगायला हवं.

लेझरचं मशीन आलं तेव्हा त्याच्याखाली जायला कुणी तयार होईना. लेझर म्हटलं की लोकांना मिरवणुकीतले हिरवे झोत आठवायचे आणि त्याने कुणाकुणाचे डोळे गेले त्याच्या गोष्टी आठवायच्या. मुरमांचे खड्डे घेऊन माणसं यायची, मलम घेऊन परत जायची. डॉक्टरांनी भिंतीवर मोठे फोटो लावले, उपचाराआधीचा गाल आणि नंतरचा गाल. उमरठकडचे एक म्हातारे नातीला घेऊन आले होते. त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, "ह्ये तर आमचा नातू मोबाइलवर करतो." मी तेव्हा प्रिंटा द्यायला वर गेलेलो. उभा जन्म फोटो काढण्यात घालवलेल्या माणसाला ते वाक्य किती झोंबलं असेल बघा. पण म्हातारे चुकीचं काहीच बोलले नव्हते. फोटोवर आता कुणाचाच विश्वास उरलेला नाही.

डॉक्टरांनीही ते ऐकलं. त्यांना फोटोऐवजी जिवंत गाल हवा होता आणि तो काउंटरवरच बसलेला होता. तिचे दोन्ही गाल वयात आल्यापासून खड्ड्यांनी भरलेले. तेव्हा आईने तिला किती वेळा सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेऊन तोंड धुवायला लावलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुझं फुकट करू. तिने एवढंच विचारलं, "दोन्ही ना?"

"दोन्ही," डॉक्टर म्हणाले. "आधी एक. लोकांना फरक दिसू दे."

त्या 'आधी एक'मध्ये ती अडकली.

डाव्या गालाचं काम बरेच महिने चाललं. आधी बधिर करायचं मलम, डोळ्यांवर चष्मा, मग वरून टिकटिक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. तो वास जिन्यावरून माझ्या दुकानात यायचा. दुसऱ्या दिवशी गाल लाल, तिसऱ्या दिवशी त्यावर भाजलेला रवा चिकटल्यासारखा थर, मग तो आपोआप झडायचा. पहिल्या खेपेला आई म्हणाली, पोर गाल जाळून घेऊन आली. प्रत्येक खेपेचे फोटो डॉक्टर माझ्याकडून काढून घ्यायचे, डावा गाल आणि उजवा गाल, एकाच उजेडात. हळूहळू डावीकडचे खड्डे भरत आले. अगदी लोण्यासारखा गाल झाला असं मी म्हणणार नाही, पण परका माणूस बघून पुढे जाईल, थांबणार नाही, इतका झाला. खड्डे असलेल्या माणसाला एवढंच हवं असतं.

आणि मग गर्दी सुरू झाली. खेडच्या बाजूने, माणगावच्या बाजूने माणसं यायला लागली. बघायची, जवळून बघायची, आणि नंबर लावायची. डॉक्टरांचं बस्तान बसलं ते त्या एका गालावर.

दुसऱ्या गालाचं काय? गणपतीनंतर करू. दिवाळीनंतर करू. जरा गर्दी कमी होऊ दे. डॉक्टर वाईट माणूस नव्हते, हे मला नीट सांगायचं आहे. वाईट असते तर ती केव्हाच सोडून गेली असती. आईच्या पायाचं इसब त्यांनी फुकट बरं केलं, दिवाळीला मिठाईबरोबर साडी दिली, कधी आवाज चढवला नाही. फक्त उजवा गाल करायचं पुढे ढकलत राहिले, आणि इतक्या गोड शब्दांत की ती खाली आली तरी तिच्या ओठांवर हसूच असायचं.

शिवाय त्या झालेल्या गालाची राखण करायची. उन्हात जायचं नाही. चुलीपुढे बसायचं नाही. लावणीच्या दिवसांत घरचे सगळे शेतात आणि ही तोंडाला ओढणी गुंडाळून दवाखान्यात. भावजय म्हणायची, आमच्याकडे एक गाल पाळलाय. एकदा एका पेशंटने अर्धी सोडलेली मलमाची ट्यूब तिने उजव्या गालाला लावून बघितली. आठवडाभर लावली असेल. डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं. ते म्हणाले, "उजव्याला काही लावत जाऊ नकोस. फरक कळेनासा होतो."

हे तिने मला हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. मी म्हटलं, अगं, ही काय पद्धत झाली? तर म्हणाली, त्यांचंही बरोबर हाय काका, नमुना खराब कसा चालंल?

मला तिचा राग यायचा. तिची कीवही यायची, पण राग जास्त. एसटीत ती कायम ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीशी बसायची, म्हणजे उजवा गाल काचेकडे आणि डावा लोकांकडे. ती जागा मिळाली नाही तर गाडी सोडायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची. तिच्या चुलत बहिणीच्या लग्नाचे फोटो मीच काढले. त्यातही ती नवरीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवूनच आली होती, आणि ऐन वेळी मागे मागे सरकत फोटोतून निसटली. मी फोटोवाला, चेहरे वळवणं माझा धंदा. "हनुवटी खाली, मान इकडे" असं मी लोकांना सांगतो ते घटकाभरासाठी. फोटो झाला की माणूस मान मोकळी करतो. हिची मान मोकळी होतच नव्हती.

एक दिवस मी बोललोच. म्हटलं, सोड ही नोकरी. बाजारपेठेत दहा दुकानं आहेत, मी शब्द टाकतो. तेव्हा ती हसली नाही.

"सोडून जाऊ कुठं काका, असा अर्धा घेऊन? दोन्ही सारखे होते तेव्हा लोक एकदा बघायचे आन् इसरायचे. आता सारखे इकडून तिकडं बघतात."

मी नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही.

मग उमरठच्या बाजूचं स्थळ आलं. मुलगा इथल्याच एमआयडीसीत कामाला, साधा, खाली बघून बोलणारा. मंडळी घरी येऊन बघून गेली. मुलाच्या आत्याने तिला उजेडात बसवून दोन्हीकडून बघितलं आणि सांगितलं की मुलगी पसंत आहे, घाई काही नाही, तेवढी दुसरी बाजू झाली की सुपारी फोडू. आमच्याकडे नकार तोंडावर देत नाहीत, पण हा नकारही नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की काम चालू आहे, महिन्या-दोन महिन्यांत पुरं होईल. तिच्या विनोदावर ते हसले असतील आणि विश्वासही ठेवला असेल.

मुलगा पुढे एकदा पासपोर्ट फोटोच्या निमित्ताने माझ्याकडे आला. फोटो काढून झाला तरी उठेना. शेवटी खालच्या आवाजात म्हणाला, "वरचं काम कधीपर्यंत होईल, तुमच्या कानावर काय?" पोरगा मला आवडला. तिला तो आवडलाय हे मला आधीच कळलं होतं, कारण त्या दिवसांत ती जिना उतरताना गुणगुणायची.

मग एका शुक्रवारी तिने पहिल्यांदा डॉक्टरांना सरळ विचारलं. आणि डॉक्टरांनीही सरळ उत्तर दिलं. तुझं मी या आठवड्यात सुरू करतो, म्हणाले, फक्त तुझ्या जागी दुसरी कुणीतरी बसू दे. तिचा एक गाल होईपर्यंत तू तिला काम शिकव. मग तू मोकळी.

मुलगी मिळायला वेळ लागला नाही. सवच्या बाजूची, बारावी झालेली, दोन्ही गाल खड्ड्यांनी भरलेले. बाप बरोबर आला होता. फुकट उपचार आणि वर पगार म्हटल्यावर त्याने डॉक्टरांना दोनदा नमस्कार केला. डॉक्टर आत गेले आणि काम समजावून द्यायचं हिच्यावर सोडलं. मी तेव्हा तिथेच होतो, प्रिंटांची पाकिटं काउंटरवर लावत होतो.

हिने तिला पाणी दिलं. घरी कोण कोण, शेत किती, गाडी कुठे मिळते, सगळं विचारलं. बाप खाली तंबाखू घ्यायला गेला तेव्हा मुलीच्या जवळ जाऊन म्हणाली, "दोन्ही एकदम करणार असतील तर थांब गो. आधी एक म्हणाले, तर चप्पल घाल आन् जा."

मुलगी तिच्या गालांकडे बघत राहिली. आधी डाव्या, मग उजव्या. मग ती आत गेली, डॉक्टरांशी काय बोलली कुणास ठाऊक, आणि बाहेर येऊन खरोखरच चप्पल घालून निघून गेली. बाप जिन्यात भेटला असेल, कारण खालून त्याचा चढलेला आवाज आला. डॉक्टर बाहेर आले. रागावले नाहीत. हिच्याकडे बघून म्हणाले, "बरं. मग तूच थांब." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पेशंटने आत जाण्याआधी विचारलं, खरंच फरक पडतो का? तिने केस कानामागे सारले.

उमरठच्या माणसांनी शिमग्यापर्यंत वाट बघितली. मग मुलाला बिरवाडीची मुलगी केली. बातमी तिनेच मला आणून दिली, पत्रिकेसकट. मी म्हटलं, त्या पोरीला थांबू दिलं असतंस तर आज ही पत्रिका तुझी असती. बोलून गेलो आणि मग जीभ चावली.

ती म्हणाली, "थांबू दिलं असतं. मग रोज ती तिथं मान वळवणार, आन् मी दोन्ही गाल घेऊन कुठल्या रस्त्यानं फिरणार होते?"

नंतरचं वर्ष तसंच गेलं. विनोद तोच, पण ती आता तो दमल्यासारखी सांगायची आणि लोकही कमी हसायचे. कारण हायवे खरोखर बराचसा झाला होता. माणसं सरळ पनवेल गाठायला लागली, तिथे मोठे दवाखाने, नवी मशीनं. महाडच्या जिन्यावरची गर्दी आटली. एका मंगळवारी डॉक्टर टेम्पो घेऊनच आले. दवाखाना बंद, मशीन पनवेलला.

ते मशीन अरुंद जिन्यावरून उतरवताना चार माणसांना घाम फुटला. ती घरून गोधड्या घेऊन आली होती. मशीनला धक्का लागू नये म्हणून तिने त्या चहूबाजूंनी गुंडाळल्या आणि दोरीने करकचून बांधल्या. मी खाली उभा राहून बघत होतो, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला होता. वाटलं, चला, सुटली एकदाची. ती खाली आली तेव्हा मी तसं बोललोही.

तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती मला तेव्हा दिसली.

"सुटले कशी? माझा एक गाल त्या मशिनीत हाय, काका," ती म्हणाली. "ते जाईल तिकडं मला जायला पायजे."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, दवाखान्यामागे खोली आहे, राहा. तिकडे गेल्यावर पहिलं काम तुझं. तिने आईला सकाळीच सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, जेवून तरी जा. तिने नको म्हणून मान हलवली आणि टेम्पोत ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. टेम्पो गांधारीच्या पुलाकडे वळला. मी दुकानात येऊन एका गिऱ्हाइकाचा फोटो तीनदा बिघडवला.

त्यानंतर ती महाडला आलेली नाही. वरच्या मजल्यावर आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अजूनही एखादी बाई जिना चढून जाते आणि खाली येऊन मला विचारते, इथे ती गाल दाखवणारी असायची ना?

गेल्या दिवाळीआधी तिची आई आली. मी तिला एकदाच, त्या चुलत बहिणीच्या लग्नात, पाहिलं होतं. काठी टेकत आली आणि स्टुलावर बसून राहिली. पोर फोन करते, म्हणाली. खोली बरी हाय, पाणी येतं. मी विचारलं, गाल झाला का? तिने हात हवेत हलवला.

"डॉक्टर म्हणतो पुढच्या महिन्यात." मग म्हणाली, "तिचा एकपण फोटो नाय घरात, दादा. तुमच्याकडं असंल ना? तुम्ही लय काढलं व्हतं."

लय काढले होते. कॉम्प्युटर उघडला. तिच्या नावाचा फोल्डर भरलेला होता. डावा गाल, उजवा गाल, डावा, उजवा, महिन्यामागून महिना. ओळख पटू नये म्हणून दवाखान्याचे फोटो डोळ्यांच्या खालून घ्यायचे असतात, हनुवटीच्या वर थांबवायचे असतात. मी तसेच घेतले होते. खालपासून वरपर्यंत सगळे बघितले. इतकी वर्षं माझ्या डोक्यावर बसलेल्या त्या मुलीचा डोळे असलेला एकही फोटो माझ्याकडे नव्हता.

मला तिच्या आईकडे बघवेना. मी तसं सांगितलं. म्हटलं, नुसते गाल आहेत.

म्हातारी उठली आणि स्क्रीनच्या अगदी जवळ आली. शेवटच्या महिन्याचे दोन फोटो शेजारी शेजारी होते. गुळगुळीत गालावरून तिची नजर तशीच पुढे गेली, एखाद्या परक्या घरावरून जावी तशी. खड्ड्यांच्या गालावर तिने बोट ठेवलं.

"ही माझी. ही काढून द्या."

"डोळे नाहीत, आई, यात."

"डोळं मला ठावं हायत," ती म्हणाली. "ह्यो गालच जायचा हाय आता."